मनकर्णाबाईचं सात नंबरचं मशीन

मनकर्णाबाई शाळेत चौथीपर्यंत गेली आणि टायपिंगच्या क्लासमध्ये एकतीस वर्षं. शिकायला नाही, झाडायला. गांधीबागेत कापडाच्या दुकानांवर, दुसऱ्या माळ्यावर तो क्लास होता. दहा मशिनी, दहा स्टुलं आणि एक सर. पोरंपोरी यायची, परीक्षा द्यायची, कुठंकुठं नोकरीला लागायची. मनकर्णाबाई फडकं घेऊन तिथंच. पण मशीन अडलं की सर हाक तिलाच मारायचे. कोणत्या मशीनची कोणत्या अक्षराची काडी चिकटून राहिली, हे तिला बाजूच्या खोलीतून नुसत्या आवाजावरून कळायचं. स्वतः मात्र तिनं कधी एक ओळ टाईप केली नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, "मी आचारी हाये. पंगतीत बसत नाही."

कॉम्प्युटर आले, क्लास उठला. शेवटच्या दिवशी सर म्हणाले, "मनकर्णाबाई, एक मशीन घेऊन जा. कोणतं पाहिजे?" तिनं सात नंबरचं मागितलं. दहातलं सगळ्यात खोडील. सरांनी दोनदा विचारलं, तीनदा विचारलं, बाई हटेना. सरळ चालणाऱ्या मशीननं तिला एकतीस वर्षांत काय त्रास दिला होता, की त्याची आठवण यावी?

मग आठ वर्षं ते मशीन बोरीत गुंडाळून तिच्या पलंगाखाली झोपलं. लेकानं मनीषनगरात फ्लॅट घेतला तेव्हा भांड्यांच्या आधी ते चढलं. पण या हिवाळ्यात सून दामिनीनं कंबर कसली.

"आई, झाडू आत जात नाही त्याच्यामुळं. रविवारी अकरा वाजता कबाडीवाला येणार आहे, मी सांगून ठेवलं."

"चालू मशीन कबाडात देतेस काय वं?"

"चालू?" दामिनी हसली. "बरं. अकराच्या आत त्याच्यावर एक अख्खं पान टाईप करून दाखवा. झालं तर घरात राहील, पलंगाखाली नाही, वर. नाही झालं तर कबाडीच्या गाडीवर."

"अन् नंतर पलटशील तं?"

"नाही पलटत."

झालं. मनकर्णाबाईच्या हाती सहा दिवस होते. थिनरचा वास घरात नको म्हणून दामिनीनं तिला जिन्यातल्या मोकळ्या जागेत बसवलं. बाईनं वर्तमानपत्र अंथरलं आणि मशीन खोलून मोकळी झाली. जुना ब्रश थिनरमध्ये बुडवून एकेक काडी घासली. ब, ठ, थ यांच्या पोटात जुनी शाई दगड होऊन बसली होती, ती टाचणीनं कोरली. रोलर पॉलिश पेपरनं खरवडला. कागदाचा गाडा ओढणारी दोरी तुटली होती. तिथं तिनं परकराची नाडी कातरून बांधली. नाडीनं गाडा असा ओढला, की जणू जन्मापासून हेच काम करत होती.

आता पान टाईप कोण करणार? बाई तर आचारी. त्या कामाला दामिनीनं वरच्या माळ्यावरचे देवाजी ठरवले. देवाजी कोराडीच्या कॉलनीतून रिटायर होऊन आलेले, नोकरीभर तिथल्या वीज केंद्राच्या ऑफिसात टायपिस्ट. जिना चढता-उतरता त्यांचं डोकावणं सुरू.

"वहिनी, तो स्प्रिंग उलटा बसवून राहिल्या तुम्ही."

"स्प्रिंग सरळ हाये भाऊ. तुम्ही मान वाकडी करून पाहून राहिले."

शनिवारी दुपारी मशीन घोड्यासारखं तयार झालं. प्रत्येक काडी उठत होती, पडत होती, ओळ संपली की घंटी वाजत होती. फक्त शाईची रिबीन नव्हती. बाई मशीन जिन्यातच ठेवून गांधीबागेत गेली, चार दुकानं फिरली, पाचव्यानं खोक्यावरची धूळ फुंकून एक काढून दिली. संध्याकाळी येऊन बसवली आणि निवांत झोपली.

रविवारी सकाळी नऊ वाजता देवाजी इस्त्रीचा शर्ट घालून आले. दामिनीनं कागद लावला. देवाजींनी बोटं मोडली आणि पहिली कळ दाबली. काडी अर्ध्यात गेली आणि तिथंच उभी राहिली. दुसरी दाबली, तिची काडीही पहिलीजवळ जाऊन उभी.

"मी सांगतच होतो," देवाजी म्हणाले. "स्प्रिंग."

दामिनीनं घड्याळाकडं पाहिलं. काल चाललेलं मशीन रात्रीतून कसं बसलं? मनकर्णाबाई वाकली, काड्यांच्या मुळाशी बोट घातलं. पांढरं, मऊ, थिजलेलं काहीतरी लागलं. वास घेतला. खोबरेल. त्यात कापूर.

या बिल्डिंगमध्ये खोबरेलात कापूर घालून डोक्याला लावणारा माणूस एकच. हिवाळाभर देवाजींची बाटली जिन्याच्या कठड्यावर उन्हात पातळ होत असायची. काल दुपारी पातळ होतं, बाई रिबीन आणायला गेली तेव्हा घातलं असेल. पहाटे थंडी पडली, तेल गोठलं, मशीन बसलं.

"भाऊ, काल तुम्ही याले हात लावला होता काय?"

"मी? छे! मी काहून लावू?"

भांडायला वेळ नव्हता. बाई उठली. "मशीनले थंडी वाजून राहिली. दामिनी, एका बाजूनं धर. गच्चीवर नेऊ."

"आई, अकराला..."

"अकराले लय टाइम हाये. तू पोहे कर."

गच्चीवरच्या उन्हात लोखंड तापायला लागलं. देवाजींनी दोन बश्या पोहे खाल्ले, वरून झणझणीत तर्री मागून घेतली आणि स्प्रिंगवर भाषण दिलं. बाई हूं हूं करत फडक्यानं पातळ झालेलं तेल पुसत राहिली, मग शिलाई मशीनच्या तेलाचे थेंब सोडले. सव्वादहाला काड्या पुन्हा उड्या मारू लागल्या.

"बसा भाऊ. मी सांगते, तुम्ही मारा."

"तुम्ही सांगता?"

"एकतीस वर्षं आयकलं न मी."

टायपिस्टांची एक गोष्ट बाईला चांगली ठाऊक होती. हात चालू झाला की शब्द कानातून थेट बोटात उतरतो, मधे डोक्यात थांबत नाही. एकदा सर मजकूर सांगता सांगता "मनकर्णाबाई, पंखा बंद करा" म्हणाले, तर दहाच्या दहा कागदांवर पंखा बंद झाला होता.

तिनं सरांसारखा घसा साफ केला. "प्रति, माननीय कार्यकारी अभियंता. विषय, यंत्राच्या देखभालीबाबत. महोदय, उपरोक्त विषयाच्या अनुषंगाने कळविण्यात येते की..."

देवाजींचा हात लागला. डोळे अर्धे मिटले, खांदे सैल झाले. घंटी वाजत होती, गाडा सरकत होता. बाई एका सुरात सांगत राहिली. पान भरत आलं तरी सूर तोच. "...सदर यंत्रामध्ये शनिवारी दुपारी वरच्या माळ्यावरील रहिवाशाने कुणासही न विचारता डोक्याचे कापूरयुक्त खोबरेल तेल ओतले असून, विचारणा केली असता साफ नकार दिला आहे. तरी योग्य ती कार्यवाही व्हावी, ही विनंती. पूर्णविराम. आपला विश्वासू."

देवाजींनी पूर्णविराम मारला, विश्वासू मारला आणि हात मांडीवर ठेवून अभिमानानं वर पाहिलं.

दामिनीनं कागद ओढला आणि मोठ्यानं वाचायला लागली. खोबरेलापर्यंत आली आणि तिथंच खाली बसली. हसू आवरेना.

"मी तं मदत केली," देवाजींचे कान लाल झाले. "कोरडं वाटलं म्हणून. पण हे पान चालणार नाही, हे फसवून घेतलं!"

"काका, पान अख्खं भरलं आणि खाडाखोड एक नाही," दामिनी डोळे पुसत म्हणाली. "माझी अट तेवढीच होती."

खालून कबाडीवाल्याची हाक आली. दामिनीनं कठड्यावरून वाकून सांगितलं, "भैया, आज कुछ नहीं है!"

देवाजी उठले मात्र नाहीत. त्यांनी स्वतःच दुसरा कागद लावला, कडा जुळवल्या. "वहिनी, हात मोकळा झाला. अजून काही सांगा न."

"सांगते. पहिले मशीन खाली न्या."

खाली आल्यावर दामिनी कंबरेवर हात ठेवून जागा शोधू लागली. "आई, खिडकीजवळ ठेवू?"

"तिथं धूळ येते वं."

"मग कुठं?"

मनकर्णाबाईनं हॉलभर सावकाश नजर फिरवली. "तो टीव्हीचा टेबल चांगला मजबूत हाये," ती म्हणाली. "टीव्हीले काय, भिंतीवर टांगता येते."

"आई!"