सातव्या ठोक्याला दोरा तुटतो

माझा मेहुणा शिंपी आहे, बायकोचा धाकटा भाऊ. सगळे त्याला मास्तर म्हणतात, मीही म्हणतो. तो मला भावोजी म्हणतो आणि पाणीपुरवठ्याच्या कार्यालयातून मी निवृत्त झाल्यापासून, म्हणजे गेली अकरा वर्षं, माझ्याकडून शर्टांची बटणं लावून घेतो. त्यापलीकडे मला शिवणातलं काही येत नाही, आणि संगीतातलं तर तेवढंही नाही. तरी लिहायला बसलो, कारण या प्रकरणातला अर्ज माझ्या हातचा होता.

दुकान एका खोलीचं. पुढे दार, मागे भिंत, खिडकी नाही. भर दुपारीही ट्यूबलाइट लागते. त्या मागच्या भिंतीपलीकडे एक जुनं गोदाम आहे. तीस वर्षांपूर्वी ते एका तरुणाने भाड्याने घेतलं आणि रॉक वाजवणाऱ्या पोरांना तासाच्या हिशेबाने सरावाला द्यायला लागला. स्वतःही बेस गिटार वाजवायचा. तेव्हा त्याला छातीपर्यंत दाढी होती, म्हणून त्याला दाढी म्हणू लागले. आता गाल गुळगुळीत झाले, नाव मात्र चिकटून राहिलं.

पहिल्या दिवशी भिंतीपलीकडे ठणाणा सुरू झाला तेव्हा मास्तरने कापड मोजायचा लाकडी गज उचलून भिंतीवर आपटला होता. पुढे आठवडाभर आपटत होता. ते खळगे अजून आहेत. भिंतीतून गाणं येत नाही, शब्द तर नाहीच. येतात ते ड्रमचे ठोके आणि बेसचा जाड सूर, जो कानाच्या आधी तळपायाला कळतो. आणि मास्तरची मशीन पायाची. खालची लोखंडी जाळी पायाने हलवत राहायची, त्यावर चाक फिरतं. महिन्याभरात त्याच्या नकळत पाय त्या ठोक्यांना लागला. एक, दोन, तीन, चार. एक, दोन, तीन, चार. पँटची लांब टीप एका गाण्यात पुरी व्हायची, आणि ओळंब्यासारखी सरळ.

हे त्याने कधी कबूल केलं नाही. शिव्या रोज द्यायचा. माझी बायको म्हणायची, याला त्या गोंगाटाच्या नावाने बोटं मोडल्याशिवाय चहा गोड लागत नाही. गोदामात त्याने तीस वर्षांत एकदाही पाऊल ठेवलं नाही. पण वाजवणारे बदलत गेले ते त्याला भिंतीतून समजायचं. आधीचे जडशीळ वाजवत, मग आले ते पाठीमागे कुत्रा लागल्यासारखे धावत, त्यानंतरचे मध्येच हळू होत आणि एकदम कोसळत. पण गणित चारचंच. मग हळूहळू कोणी येईनासंच झालं. दोन वर्षं गोदाम जवळजवळ मुकं होतं. त्या दोन वर्षांत मास्तरचं काम मागे पडायला लागलं. एक बाही शिवता शिवता तो तीनदा उठायचा, दारात जायचा, परत यायचा. म्हणायचा गुडघे आखडलेत.

डोळेही अधू झाले होते. डॉक्टरांनी सांगितलं, बारीक काम उजेडात करा, नाहीतर सोडा. त्याची मुलगी त्याच्याबरोबरच दुकानात बसते, ब्लाउज तीच शिवते. तिने मनावर घेतलं. गोदामाला रस्त्याच्या बाजूने तीन मोठ्या खिडक्या आहेत. दुकान आणि गोदाम एकाच घरमालकाचं. तो म्हणाला, शेजाऱ्याने आवाजाची लेखी तक्रार दिली तर करारातल्या अटीप्रमाणे दाढीला उठवता येईल. मग भिंत पाडून अर्धं गोदाम तुम्हाला, त्याच भाड्यात. मुलगी माझ्याकडे आली. काका, तुम्ही आयुष्यभर अर्ज वाचलेत, एक लिहा. मी लिहिला. "सततच्या कर्कश आवाजामुळे व्यवसाय करणे अशक्य झाले आहे" हे वाक्य माझं. गोदाम मुकं असताना लिहिलं होतं. हे लिहिताना आज लाज वाटते, पण तेव्हा पोरीच्या बापाचे डोळे दिसत होते.

मास्तर म्हणाला, उद्या सही करतो. कागद खडूच्या डब्याखाली ड्रॉवरमध्ये गेला.

त्याच आठवड्यात गोदामात तीन मुली यायला लागल्या, मंगळवारी आणि शुक्रवारी चारला. ड्रम वाजवणारी दुपारपर्यंत एका प्रयोगशाळेत लोकांचं रक्त तपासायची. तिची बोटं नेहमी कापसाच्या बोळ्यासारखी स्वच्छ. पहिल्या मंगळवारी ठोके सुरू झाले आणि मास्तरचा पाय आपोआप हलला. मी शेजारी बटण लावत होतो. टीप चालली, चालली, आणि कट्कन दोरा तुटला. त्याने सुई ओवली. पुन्हा चालली, पुन्हा तुटला. पायाच्या मशीनचं असं आहे की लय चुकून पाऊल क्षणभर अडखळलं, तर चाक उलटं फिरतं, आणि चाक उलटं फिरलं की दोरा गेलाच. नव्याने शिकणाऱ्याचं असं होतं. पन्नास वर्षं शिवणाऱ्याचं होत नाही.

त्याने दोरा बदलला, सुई बदलली, चाकात तेल घातलं. मुलगी म्हणाली, बाबा, मोटार बसवून घ्या. तो म्हणाला, तू तुझं ब्लाउज बघ. रात्री जेवतानाही टेबलाखाली त्याचा पाय हलत होता, असं तीच दुसऱ्या दिवशी सांगत होती.

पुढच्या शुक्रवारी, पोरींचा सराव चालू असताना, दाढी दुकानात आला. त्याच्या वेळचे चार मित्र शेवटचं म्हणून एकदा एकत्र वाजवणार होते आणि त्याला तरुणपणी होतं तसंच काळं जाकीट हवं होतं. माप आधीच घेतलेलं होतं. मास्तरने अंग मशीनवर शिवून बाह्या नुसत्या कच्च्या टाक्यांवर जोडलेलं जाकीट त्याच्या अंगावर चढवलं. पुढची दोन टोकं एकमेकांपासून चार बोटं लांब राहिली. दाढीने पोट आत घेतलं. मास्तर म्हणाला, श्वास सोड, तुला त्यातच वाजवायचंय.

टाचण्या लावता लावता दाढीचं बोलणं सुरू झालं. रॉक संपलं म्हणाला. आपल्याबरोबर म्हातारं झालं आणि गेलं. आता जे चालतं त्यात अर्धं काम यंत्र करतं. या पोरी वाजवतात ते तर काय आहे त्यांनाच माहीत, चालायला लागतं आणि मध्येच ठेचकाळतं. घरमालकाला द्यायच्या अर्जाचंही त्याच्या कानावर आलेलं होतं. त्याने त्याचं वाईट वाटून घेतलं नव्हतं, हेच मला जास्त लागलं.

"सही करून टाका मास्तर," तो म्हणाला. "तुम्हाला उजेड मिळेल, मी सुटेन. मेलेल्याला किती दिवस खोली देऊन ठेवू?"

मुलीने ब्लाउज बाजूला ठेवलं. तिने ड्रॉवर उघडला आणि कागद मशीनवर ठेवला. शेजारी पेन.

मास्तरने पेन घेतलं नाही. त्याने दाढीच्या अंगावरच्या जाकिटाची एक बाजू उलटी केली आणि आतली शिवण ट्यूबलाइटखाली धरली. तिच्यावर ठरावीक अंतराने गाठी होत्या, दोरा तुटून पुन्हा सुरू केल्याच्या.

"हे बघ. तुमच्या सगळ्यांच्या वेळी मी तीस वर्षं शिवलं. पहिला महिना सोडला तर एकदाही दोरा तुटला नाही. डोळे मिटून शिवावं इतकं मला ते पाठ होतं." त्याने गाठींवरून बोट फिरवलं. "या पोरी आल्यापासून एक शिवण नीट गेलेली नाही. मेलेल्याने माणसाचा पाय चुकतो का रे?"

दाढी म्हणाला, पाय चुकला तर तो म्हातारपणाचा. मास्तर म्हणाला, चल मग, तुझा बघू.

आणि गज हातात घेऊन, चपला न घालता, तो दुकानाबाहेर पडला. मला वाटलं आता भांडण होणार, म्हणून सुईदोरा हातात तसाच घेऊन मीही गेलो. मागे कच्च्या जाकिटातला दाढी.

गोदामात उजेड इतका होता की मला क्षणभर काही दिसेना. मुली वाजवायच्या थांबल्या. गज पाहून ड्रमवाली उभी राहिली आणि आवाज कमी करतो काका, असं म्हणाली. मास्तरने खिडक्यांकडे एकदा पाहिलं. नंतर म्हणाला, आवाजाचं राहू दे, मोजतेस कसं ते सांग.

ती बोटांवर दाखवायला लागली. आधी चार, मग तीन, म्हणजे सातच; आठवा ठोका येतच नाही. असं दोनदा. तिसऱ्यांदा उलट, आधी तीन. मास्तर गज जमिनीवर हळूच टेकवत तिच्या बोटांकडे बघत राहिला. मग विचारलं, असंच का, उलट कशासाठी?

"सरळ ठेवलं तर ते बसून जातं काका. आम्हालाही ते अजून नीट सापडलेलं नाही. दर आठवड्याला बदलतोय."

दाढी म्हणाला, हे रॉक नाही. ड्रमवाली म्हणाली, मग तुम्ही वाजवून दाखवा ना आमच्याबरोबर, बेसवाली आज उशिरा येणार आहे. त्यात टोमणा नव्हता, म्हणून त्याला नाही म्हणता येईना. त्याने गिटार गळ्यात अडकवली. पहिल्या दोन वेळा जमलं. तिसऱ्यांदा उलट आलं तिथे तो एक ठोका पुढे निघून गेला आणि एकटाच वाजत राहिला. पुन्हा घेतलं, पुन्हा गेला. पाचव्या खेपेला त्याने इतक्या जोरात हात मारला की जाकिटाची उजवी बाही खांद्यापासून सुटली आणि कोपरावर लोंबायला लागली. कोणी हसलं नाही. तो म्हणाला, परत घे. बाही तशीच लोंबत होती आणि तीस वर्षांत मी त्याला एवढं लक्ष देऊन काही करताना पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर मास्तरने मशीनवरचा अर्ज उचलला, उलटा केला आणि मला म्हणाला, भावोजी, लिहा. चार-तीन, चार-तीन, तीन-चार. मी मोठ्या अक्षरात लिहिलं. तो कागद त्याने मशीनसमोर भिंतीवर, गजाच्या खळग्यांच्या वर, टाचणीने लावला.

मुलगी म्हणाली, आणि डोळे? तिने स्वतःच मशीन ढकलत दाराशी नेली, तिथे थोडा तरी उजेड येतो. दोन दिवस तो तिथे बसला. तिसऱ्या दिवशी मशीन पुन्हा मागे. तिथे पायाला काही कळत नाही, म्हणाला. ती त्याच्याशी चार दिवस बोलली नाही, आणि तिचं चुकलं असं मला वाटत नाही. घरमालकही दोनदा विचारून गेला. पुढच्या वर्षी दाढीचा करार संपतो, तेव्हा तक्रारीचीही गरज पडणार नाही, हे आम्हाला सगळ्यांना माहीत आहे.

गेल्या शुक्रवारी पँटची अख्खी टीप एकदाही न तुटता गेली. मास्तरने ती उजेडात धरून मुलीला दाखवली. तीही बघत राहिली.

काल मंगळवार. चारला ठोके सुरू झाले, पाय हलला, आणि थोड्याच वेळात कट्कन आवाज झाला. पोरींनी ते बदललं होतं. मास्तरने सुई ओवायला घेतली. एकदा, दोनदा, चारदा. दोरा भोकाच्या बाजूने जात राहिला. शेवटी त्याने दोरा माझ्या हातात दिला. माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, मला दिसतं. मी मशीनवर वाकलो तर सुई वरखाली व्हायला लागली.

"मास्तर, पाय थांबवा," मी म्हणालो. "माझं बोट जाईल."

त्याने पाय काढून जमिनीवर ठेवला. तिथेही तो थांबला नाही.