केरबाचं होकायंत्र

रेणापूरच्या गुरांच्या दवाखान्यात केरबा सोनकांबळे पट्टीबंधक, म्हणजे डॉक्टरांच्या हाताखाली मलमपट्टी करणारा, होता आणि त्याचा एकाही माणसावर विश्वास नव्हता. नव्या औषधाची बाटली आली की तो बूच उघडून दोनदा हुंगायचा. बायकोनं चहा दिला तरी आधी कपात डोकवायचा. "तुम्हाला आरशातला माणूस बी चोरच वाटतो," चांगुणा म्हणायची. केरबा ते ऐकून घ्यायचा आणि मग चहा प्यायचा.

हा स्वभाव काही आभाळातून पडला नव्हता. ब्याऐंशी साली लातूर वेगळा जिल्हा झाला, नवी ऑफिसं उघडली, आणि त्या भरतीत चोविसाव्या वर्षी केरबा सरकारी नोकर झाला. पहिल्याच गावात एका पाटलाची गाय अडली होती. केरबानं कोपरापर्यंत हात घालून वासरू सोडवलं. "तुम्ही तर घरचेच," म्हणत पाटलानं पेढा दिला, तोही वरून टाकला, आणि हात धुवायला पाणी दिलं ते चार हात लांबून. केरबाला राग आला. तो त्यानं पेढ्यासकट गिळला, पण गोड बोलणाऱ्यावर तेव्हापासून त्याचा डोळा राहिला.

लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या उन्हाळ्यात केरबाची नेमणूक चारा छावणीवर होती. तिथं सरजाबाई आपली देवणी गाय घेऊन राहिली होती. नवरा गेल्यापासून बाईला तेवढीच सोबत. बांडी नाव, आणि पाच महिन्यांची गाभण. दोन दिवस बांडी पाठ कुबडी करून उभी होती. पुढचे पाय फाकवून, जपून टाकायची. रवंथ बंद, वैरण तशीच पडलेली.

"केरबादादा, माझी बांडी जाती का वो?" सरजाबाईनं विचारलं.

"थकव्यानं आखडलीय," केरबा म्हणाला. "तार-खिळा गिळला म्हणावं, तर तो धोका हिला न्हाई. चार वर्षांखाली मीच हिच्या पोटात चुंबक सोडलंय."

गुरं चाऱ्याबरोबर तारेचे तुकडे गिळतात. पोटात बोटाएवढं चुंबक असलं, की तार त्याला चिकटून बसते आणि काळजाकडे घुसत नाही. मागच्या दुष्काळात केरबानं दिवसाला साठ-साठ गुरांना अशी चुंबकं दिली होती. ह्या छावणीत तर उसाच्या वाढ्यांच्या मोळ्या तारेनंच बांधून यायच्या.

अशात लातूरहून प्रमोदिनी नावाची बाई एक यंत्र घेऊन आली. शहरात ती म्हाताऱ्या कुत्र्यांचे आखडलेले सांधे त्या यंत्रानं मोकळे करायची. आता एका संस्थेनं तिला छावणीतल्या लंगड्या बैलांसाठी धाडलं होतं. एक पेटी, तिला वायर आणि वायरीला चाळणीएवढं कडं. ते कडं तिनं एका बैलाच्या गुडघ्याला लावलं. बैल ढिम्म.

"ह्यात काय हाय?" केरबानं विचारलं.

"विजेच्या ठोक्यांनी चुंबकाच्या लहरी निघतात, काका. दुखणं उतरतं. सगळ्याच जनावरांचं उतरतं असं मात्र नाही."

हे शेवटचं वाक्य केरबाला जास्तच खटकलं. खोटं बोलणारा एवढं खरं बोलायला लागला, की समजावं गडी मुरलेला आहे. दिसत नाही, ऐकू येत नाही, जनावराला कळत नाही, आणि म्हणे औषध! चार माणसं जमल्यावर त्यानं खिशातून होकायंत्र काढलं. पोटात चुंबक आहे की नाही हे बघायला ते गुरांच्या दवाखान्यात वापरतात. ते त्यानं कड्याजवळ धरलं. काटा हलणार नाही आणि बाईचं बिंग फुटेल, म्हणून आधीच मिशीत हसला.

काटा थरथरला. ठोक्यागणिक थरथरत राहिला.

लोक केरबाकडे बघून हसले. सरजाबाईनं मात्र प्रमोदिनीचा हात धरला. "माझ्या गाईला लावा की, बाई."

"मी लावू द्यायचा न्हाई!" केरबा आडवा आला. "तिच्या पोटात चुंबक हाय. ह्या लहरींनी ते हललं म्हंजे?"

"असलं तर मी लावणारच नाही," प्रमोदिनी म्हणाली. "पण आहे ना नक्की? तुमच्या होकायंत्रानंच बघू."

केरबाला हा अपमान वाटला. तरी बांडीच्या डाव्या कोपरामागं, छातीला त्यानं होकायंत्र टेकवलं. काटा हलला नाही. वर सरकवलं, खाली सरकवलं, झटकून पुन्हा लावलं. काटा गप्प.

मग केरबाला आठवलं. जुन्या कंपाउंडरनं बजावलं होतं: काही गुरं चुंबक गालात धरतात आणि तू पाठ फिरवलीस की थुंकतात, म्हणून दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला होकायंत्र लाव. साठ गुरांच्या घाईत ते राहून गेलं होतं. जगाला हुंगणाऱ्या माणसानं स्वतःचं काम एकदाही तपासलं नव्हतं. कुबडी पाठ, फाकलेले पाय ही तारेचीच लक्षणं, आणि त्या चुंबकाच्या भरवशावर तार गिळलेल्या गाईला तो दोन दिवस थकवा म्हणत होता.

"सरजाक्का," तो सगळ्यांसमोर म्हणाला, "ही चूक माझी हाय."

त्यानं डॉक्टरांना फोन लावला, सांगितलेलं इंजेक्शन दिलं. घशात हात घालून नवं चुंबक सोडलं आणि बांडीचं तोंड वर धरून बराच वेळ उभा राहिला. प्रमोदिनीनं आणि त्यानं मिळून माती-विटा टाकून पुढच्या पायांखाली उंचवटा केला, म्हणजे पोटाचा भार मागं जावा. चौथ्या दिवशी दुपारी बांडीचा जबडा हलायला लागला. रवंथ बघून सरजाबाई रडली.

केरबा जवळ गेला तेव्हा बाईनं डोळे पुसले आणि हात पुढं केला.

"होकायंत्र द्या."

"आत्ताच लावलं की, अक्का. हाय चुंबक."

"तुम्ही लावलं. मला बघायचंय."

त्यानं दिलं. तिनं ते गाईच्या छातीला टेकवलं, काटा वळलेला नीट बघितला आणि मगच त्याला बसायला पोतं टाकलं. छावणी उठेपर्यंत रोज सकाळी असंच चाललं. केरबा मान खाली घालून उभा राहायचा, आणि तिचं बघून झाल्याशिवाय हलायचा नाही.