डबीवरचं नाव

शशी पेडणेकर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी फणसवाडीतल्या आमच्या खोलीत बसून मनातल्या मनात त्याच्याशीच भांडत होतो. आदल्या दिवशी परळच्या हॉस्पिटलात त्याने मला खाटेजवळून हाकललं होतं. "निघ तू. आणि मी मेलो तरी सुलभाला सांगायचं नाही... घे शप्पथ." घेतली. स्वतःच्या बायकोपासून लपवायचं काम माझ्या गळ्यात अडकवून हा सकाळी मोकळा. श्रद्धांजलीत लिहितात तसा मनमिळाऊ वगैरे तो मुळीच नव्हता. चाळीस वर्षं आमच्या खोल्या समोरासमोर. त्यातली निम्मी भांडण्यात गेली, उरलेली आधी कोण बोलतो याची वाट बघण्यात.

त्याचं आतडंही त्याच्यासारखंच, कायम तापलेलं. बारा-तेरा वर्षं मोठ्या आतड्याला सूज. ओसरायची, पुन्हा उसळायची. दर खेपेला सोबत मी. डॉक्टरबाई वयाने आमच्या मुलीएवढ्या, पण एकदा शांतपणे सगळं समजावलं. आतड्यात असंख्य जंतू नांदतात, बरेचसे कामाचे. त्यांचा तोल ढळला, गुण्यागोविंदाने राहणारे कमी झाले आणि भांडखोर माजले, की सुजेला बळ मिळतं. आणि वर्षानुवर्षं सुजलेल्या अस्तरात कॅन्सरची भीती वाढते. "म्हणजे आमच्या चाळीची कमिटी," शशी म्हणाला. बाई हसल्या नाहीत. "दही खा, हरकत नाही. पण दही म्हणजे औषध नव्हे. गोळ्या आणि तपासण्या चुकवायच्या नाहीत." जिना उतरेपर्यंत शशीने यातलं फक्त दही लक्षात ठेवलं. आणि मी शहाणा, मोबाइलवर वाचलेलं ज्ञान वर ओतलं, "तुमच्या घरचं विरजण पिढीजात आहे रे, तुला कसली गोळी?"

ते विरजण खरंच जुनं. वर्षानुवर्षं आमच्याकडे दही बिघडलं की आमची ही समोर जायची आणि सुलभावहिनी स्टीलच्या वाटीत विरजण द्यायच्या. वाटीवर 'श. वि. पेडणेकर' कोरलेलं. परत जाताना वाटीत लाडू, नाहीतर निदान चमचाभर साखर. रिकामी वाटी देत नाहीत. आमचं भांडण ऐन भरात असतानाही वाटीची ये-जा चालू असायची.

दोन वर्षांपूर्वी त्याचं पोट पुन्हा बिघडलं. बाईंनी शौचाचा नमुना मागितला. सूज जास्त निघाली तर लगेच दुर्बीण घालून आतडं तपासायचं, नाहीतर ठरलेल्या वेळी. दुर्बिणीला शशी यमापेक्षा घाबरायचा. वहिनींनी डबीवर स्वतःच्या अक्षरात त्याचं नाव लिहिलं आणि ती त्याच्याकडून भरून घेऊन लॅबमध्ये पोचवायची जबाबदारी माझ्यावर टाकली. गॅलरीत शशीने मला कोपऱ्यात घेतलं. कारस्थान करताना तो मालवणीत यायचा. "तुझा दी मां. कोणाक कळतला?"

"येडा झालास काय?"

"दिनू, तुझं पोट म्हणजे काळा दगड. रिपोर्ट फर्स्ट क्लास येईल, सुलभाचं टुमणं थांबेल. एवढं कर रे."

माझ्या पोटाची इतकी स्तुती आयुष्यात कोणी केली नव्हती. अक्कल असलेल्या माणसाने डबी त्याच्या डोक्यात घातली असती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी ती भरली, छाती फुगवून लॅबमध्ये दिली, नाव विचारल्यावर ठणकावून 'शशिकांत पेडणेकर' सांगितलं. रिपोर्ट फर्स्ट क्लास. वहिनी शिरा घेऊन आल्या. "भाऊजी, तुम्ही मागे लागलात म्हणून झालं हो!" मी दोनदा मागून खाल्ला.

त्या कागदाच्या जोरावर शशीने पुढची ठरलेली दुर्बीणही टाळली. शेवटी झाली तेव्हा कॅन्सर आतड्याबाहेर पसरला होता. जुना रिपोर्ट बाईंनी तीनदा उलटसुलट बघितला... शशी छताकडे बघत होता, मी माझ्या चपलांकडे. तेव्हाच कळलं असतं तर तो वाचला असता का, हे बाईंनी सांगितलं नाही. विचारायची माझी हिंमत नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी शप्पथ मोडली. ये शशी, ये आता भांडायला. वहिनींनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "शिरा खाल्लात तुम्ही." आणि थोड्या वेळाने, "वाटी आहे आमची तुमच्याकडे. आणून द्या."

रिकामी कशी देणार? हॉस्पिटलच्या फेऱ्यांत त्यांच्याकडचं दही कधीच बंद पडलं होतं. मी वाटीत आमचं दही घालून नेलं. "तुमच्याच विरजणाचं आहे," म्हणालो. वहिनींनी दही काळजीपूर्वक आपल्या भांड्यात काढून घेतलं, थेंबसुद्धा सोडला नाही. मग माझ्यासमोर वाटी घासली, पुसली आणि परत माझ्या हातात ठेवली. रिकामी.

"नाव त्यांचं, आत तुमचं. सवय आहेच तुम्हाला. ठेवा."

दार लागलं. ते अजून आमच्यासाठी उघडलेलं नाही.

वाटी आमच्या ओट्यावर आहे. आमची ही तिच्यावरचं नाव भिंतीकडे करून ठेवते. मी रोज दही लावताना फिरवतो, नाव माझ्याकडे येईपर्यंत.