कुंकवाच्या आरशात तळपाय

शाळेत मी चौथीपर्यंत गेलो, त्यातलंही निम्मं वर्ष ढोरामागं. पण मास्तरला कोणतं उत्तर पाहिजे हे त्याच्या तोंडावरून ओळखायची हिकमत मला तिथंच आली. पुढं सगळी जिंदगी ती कामाला आली. फक्त लातूरच्या दवाखान्यात तिनं दगा दिला.

साखरेची बिमारी मला लई वर्षांची. त्या दवाखान्यात नवी डॉक्टरीण आली, माझ्या नातीच्या वयाची. रक्त तपासून झाल्यावर म्हणाली, "बाबा, पाय दाखवा."

"पायाला काय झालंय? काळ्या रानात अनवाणी फिरलेलं माणूस हाय मी. म्हशीच्या कातड्याचे तळवे हायेत."

"म्हणूनच दाखवा."

तिनं मला आडवं केलं, डोळे मिटायला लावले आणि दोऱ्यासारखं काहीतरी तळव्याला टेकवत विचारायला लागली, "लागतंय का?"

खरं तर काहीच लागत नव्हतं. पण पोरीसोरीपुढं नापास कोण होईल? मी म्हणालो, "हाव."

"आता?"

"हाव."

"आता?"

"हाव हाव, झोंबून राहिलंय!"

"बाबा," ती म्हणाली, "आत्ता मी टेकवलंच नव्हतं."

डोळे उघडले तर सोबत आलेली आमची मंडळी कोपऱ्यात पदर तोंडात कोंबून हसून राहिलेली.

डॉक्टरीण मात्र हसली नाही. खुर्ची जवळ ओढून तिनं नीट समजावलं. साखरेनं तळव्याची जाणीव गेलीय. काटा रुतला तरी तुम्हाला कळायचं नाही, जखम आतल्या आत चिघळेल आणि मग बोट, नाहीतर पाऊलच कापावं लागेल. रोज तळवे बघायचे. वाकता येत नसेल तर आरशात बघायचे. घरातसुद्धा चप्पल घालायची. काही दिसलं तर घरी कोरत बसायचं नाही, थेट इकडं यायचं.

बसमध्ये मी घुश्शातच होतो. "पाय माझे, आन् मलाच कळत न्हाईत म्हणती."

"बरोबरच म्हणती," मंडळी बोलली. "तुमाला तुमचं डोकं तरी कुठं कळतंय?"

पण डॉक्टरीण पाऊल कापायचं म्हणाली होती. माणसानं आपल्या रानात आपल्या पायानं जावं. दुसऱ्याच्या खांद्यावर हात टाकून बांधावर उभं राहायचं, ते माझ्याच्यानं व्हायचं नाही. म्हणून आरसा तेवढा मी कबूल केला. चप्पल नाही. घरात चप्पल घालून हिंडायला मी काय साहेब हाय?

घरात धरण्याजोगा आरसा एकच, मंडळी कुंकू लावायची तो. सकाळी तो घेऊन मी ओट्यावर बसलो आणि पायाखाली धरला. आतून ती धावतच आली. "अवो! माझ्या कुंकवाच्या आरशात पाय?"

"अगं, ज्याच्या नावानं कुंकू लावतीस त्याचाच पाय हाय."

दुपारी तिनं बाजारातून स्वतःला नवा आरसा आणला. तो कपाटात कुलपात असतो.

वाटेनं जाणारेही टोमणे मारायचे. शेजारच्यानं तर रोजचा नेम धरला. "तात्या, मुखडा वर हाय, खाली काय बघून राहिलात?"

"माझा मुखडा तू बघतोस की रोज सकाळी. म्हणून तर एक दिवस फुकट जात न्हाई तुझा."

असे कैक दिवस गेले. मग रानातल्या घाईत दोन दिवस आरसा राहूनच गेला. तिसऱ्या सकाळी अंगठ्याच्या बुडाशी काळा ठिपका दिसला. आरशाला डाग पडला म्हणून मी धोतरानं काच पुसली. ठिपका हलेना. मंडळीनं जवळ बसून बघितलं. "काटा हाय. बाभळीचा. भवतीनं सुजलंय."

त्या पायानं मी रानात जाऊन आलो होतो. किती वेळा, कुणास ठाऊक. मला पत्ताच नव्हता. लहानपणी असला काटा रुतला की गल्ली गोळा व्हायची माझ्या बोंबलण्यानं. आता बोंबलावं तर दुखतच नव्हतं, आणि त्याचीच मला दहशत बसली.

मंडळीनं सुई आणली. मी पाय मागं ओढला. "हात लावू नको. दवाखान्यात जायचं."

"आजवर तुमचे काटे मीच काढले की!"

"तवा मला दुखत हुतं. तू खोल गेलीस तर आता सांगणार कोण?"

तिनं गुमान सुई पदराला टोचली आणि माझा सदरा काढून दिला.

डॉक्टरणीनं काटा काढला, पू काढला, पट्टी बांधली. "वेळेत आलात. बोट वाचलं," म्हणाली. मी छताकडं बघत राहिलो, कारण डोळे भरले होते आणि समोर मंडळी बसलेली होती.

मग चप्पल आली. मऊ रबराची, आणि माझ्या मापात दुकानात जांभळीच होती. घरी नवा तंटा. चूल आणि देव्हारा एकाच खोलीत, तिथं मंडळी पायताण येऊ देईना. मी अनवाणी आत जाईना. उंबऱ्याच्या अलीकडं बसून जेवायची पाळी आली. शेवटी तिनंच तोड काढली: धुतलेली चप्पल आत चालंल. आता ती रोज माझ्या चपला राखेनं नाही, चांगल्या साबणानं घासते, तांब्यापितळेशेजारी उन्हात पालथ्या घालते, आणि त्या वाळेपर्यंत मी खाटेवर पाय वर घेऊन बसून असतो. पाहुणे आले की आधी जांभळ्या चपलांकडं बघतात, मग माझ्याकडं. चहा झाला की मी चपला घालतो आणि त्यांना रान दाखवायला स्वतः पुढं चालतो.