लोणच्याची बरणी आणि ताई

मंडळी, आज सकाळी इथे अमेरिकेत, मॉरिसव्हिलच्या घरी लेक सई आणि मी मिळून किमची, म्हणजे कोरियन लोणचं, घातली. कोबीची, मुळ्याची आणि काकडीची.

बरणी भरता भरता सई म्हणाली, "बाबा, पिरियड्स आलेत, पोट दुखतंय."

माझ्या तोंडून निघून गेलं, "मग बरणीला हात लावू नकोस."

"सीरियसली, बाबा?" ती हसली. मला हसता येईना.

लहानपणी गावी आमच्या लोणच्याला बुरशी आली. ताई विटाळात बरणीला शिवली असं समजून आईनं तिला खूप मारलं. बरणीत ओला हात मी घातला होता. मी देवापुढे डोळे मिटून गप्प बसलो.

आज ताईला फोन लावून सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तेव्हाच ठाऊक होतं रे. तुझ्या बाहीला खार लागला होता."

"मग बोलली का नाहीस?"

"मला मारून झालंच होतं. तुला कशाला आणखी?"

संध्याकाळी दिवा लावला, पण हात जोडवेनात. तुमच्यापैकी कुणी इतक्या उशिरा काही कबूल केलंय का? त्यानंतर मन शांत होतं का?