साडूंचा सरकता ट्रे

आमच्या साडूंच्या घरात जन्मली तशीच राहिलेली एकही वस्तू नाही. कंपन्या वस्तू अर्धवट करून विकतात आणि त्या पुऱ्या करण्यासाठीच आपल्याला पृथ्वीवर पाठवलं आहे, अशी त्यांची ठाम समजूत. त्यांच्या कुकरच्या झाकणाला सायकलच्या हँडलची मूठ आहे. झोपाळा ट्रकच्या बेअरिंगवर झुलतो आणि एकदा ढकलला की उतरणाऱ्याची दयामाया करत नाही. माझ्या बायकोने एकदा त्यावर बसून मेथी निवडायला घेतली आणि निम्मी मेथी शेजाऱ्यांच्या अंगणात गेली. दाराची बेल दाबली की आधी बाहेरचा दिवा लागतो, मग आतला लागतो, आणि मग साडू स्वतः दार उघडून विचारतात, ‘‘बेल वाजली का हो?’’

सातपूरच्या एका कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून उभा जन्म काढला. कारखान्याने त्यांना निवृत्त केलं, पण हातांना तसं कोणी कळवलं नसावं. शर्टाच्या खिशात पाना आणि पँटच्या खिशात पाणसळ घेऊनच ते लग्नाकार्याला जातात. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात फोटोसाठी सगळे उभे राहिलो तर हे गायब. शोधलं तेव्हा जेवणाच्या टेबलाखाली उताणे पडून टेबलाचे पाय आवळत होते. आणि ती पाणसळ! काचेच्या नळीतला बुडबुडा मधोमध आला की त्यांना जे समाधान मिळतं ते मला देवदर्शनानेही मिळालेलं नाही. आमच्या घराच्या वास्तुशांतीला सगळे पाहुणे ‘‘छान आहे हो घर’’ म्हणत असताना यांनी ती फरशीवर ठेवली आणि भर पंगतीत जाहीर केलं, ‘‘तुमचं घर पूर्वेला झुकलंय.’’ त्या दिवसापासून मला पलंगावरून पूर्वेला घरंगळल्यासारखं वाटतं.

मी स्वतः बँकेत नोकरी केलेला, दुपारच्या झोपेवर श्रद्धा असलेला माणूस आहे. नेमके दुपारी दोनला साडू येतात आणि म्हणतात, ‘‘चला, काही करायचं नाही. तुम्ही नुसतं धरा.’’ या एका वाक्यावर मी आजवर शिडी, पत्रा, पाण्याची टाकी आणि एकदा चालू मोटार धरलेली आहे. मधेच ‘‘जरा बसतो’’ म्हटलं की ते माझ्याकडे असं बघतात, की मीच ओशाळून पुन्हा उभा राहतो.

तर या गृहस्थांच्या बायकोची, म्हणजे माझ्या थोरल्या मेहुणीबाईंची पाठ गेल्या हिवाळ्यात धरली. ताई नागलीचे पापड आणि कुरडया करतात. मागच्या सीट काढून टाकलेली त्यांची ती जुनी, प्रशस्त गाडी डब्यांनी भरायची आणि चांदवड, येवला, पिंपळगाव असं जिथे प्रदर्शन भरेल तिथे जाऊन मांडायचं, हा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम. पण डबे गाडीत पार पुढे सरकतात. ते काढायला आत गुडघ्यांवर रांगत जावं लागतं, आणि डॉक्टरांनी तर वाकायचंच नाही म्हणून सांगितलं. दुसऱ्या कोणाला त्या डब्यांना हात लावू देत नाहीत; नवऱ्याला तर नाहीच, कारण त्याच्या हाताला हलकं काही धरायची सवय नाही. शेवटी एक दिवस त्या म्हणाल्या, ‘‘बंद करते आता. झालं तेवढं पुष्कळ झालं,’’ आणि खिडकीशी जाऊन बसल्या. बसल्या त्या बसल्याच. बोलणंही कमी झालं.

साडू दुसऱ्या दिवशी दोनलाच आले. मी उठून चप्पल घालू लागलो तर ते दारातच उभे. ‘‘तिला अशी बसलेली बघवत नाही हो मला,’’ एवढं म्हणाले आणि लगेच खिशातला पाना काढून आमच्या दाराची बिजागरी आवळायला लागले.

त्यातून तो ट्रे निघाला. गाडीच्या मागच्या भागात मापात बसेल असा प्लायवूडचा भला मोठा ट्रे, खाली लोखंडी अँगल आणि बेअरिंगची चाकं. मागचं दार उघडायचं, ट्रे ओढायचा, की सगळे डबे ताईंसमोर कमरेच्या उंचीवर हजर. तीन आठवडे मी नुसतं धरत होतो. साडूंच्या गल्लीतला रस्ता डांबराचे थर खाऊन इतका वर आलाय की घर खड्ड्यात गेल्यासारखं वाटतं, त्यामुळे अंगणात गाडी नाक खाली आणि शेपूट वर करून उभी असते. साडूंनी त्याच गाडीत ट्रेखाली पुढच्या बाजूने पॅकिंग घालत घालत बुडबुडा तसूभरही न चुकता मधोमध आणला. ट्रे एका बोटाने सरके आणि सोडला तिथे थांबे. कडी त्यांनी लावलीच नाही. ‘‘काटकोनात बसवलेल्या वस्तूला कडी लागत नाही,’’ म्हणाले.

पिंपळगावच्या प्रदर्शनाला ताई ‘‘हे शेवटचं’’ असं बजावून निघाल्या. वाटेत प्रत्येक खड्ड्याला मागच्या दारावर ठक्क असा आवाज येत होता. ‘‘नवीन बेअरिंग आहे, बसेल,’’ साडू म्हणाले. मैदानावर गाडी लागली. कांद्याच्या टेम्पोवाल्यांपासून शेजारच्या स्टॉलवाल्या बायकांपर्यंत सगळ्यांना साडूंनी हाक मारून गोळा केलं, दारासमोर उभे राहिले, म्हणाले, ‘‘बघा आता, एका बोटानं,’’ आणि दार उघडलं. बोटाची गरज पडली नाही. ट्रे सगळ्या कुरडयांसकट आला आणि साडूंच्या पोटावर आदळून त्यांना धुळीत बसवून गेला. आयुष्यात इतका वेळ बसलेले मी त्यांना प्रथमच पाहिले.

‘‘काका, लय भारी हाय,’’ एक टेम्पोवाला म्हणाला, ‘‘पण याला बिरेक नाय का?’’

साडूंनी बसल्याबसल्याच खिशातून पाणसळ काढून ट्रेवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला होता. मग त्यांच्या ध्यानात आलं आणि चेहरा पार उतरला. ट्रे अंगणातल्या उतारावर सपाट होता. सपाट जमिनीवर तो दाराकडे उतरता झाला होता. उभ्या जन्मात त्यांच्याकडून असं झालं नव्हतं. ‘‘सगळं खोलतो,’’ म्हणत त्यांनी पाना काढला.

आणि ताई हसल्या. पाठीला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी ट्रे आत लोटून दार टेकवलं, पुन्हा उघडलं, आणि डबे आपल्या पायांनी चालत आल्यासारखे त्यांच्या पुढ्यात आले. ‘‘अहो, मला ओढावंही लागत नाहीये,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याला हात लावायचा नाही. पुढच्या आठवड्यात येवल्याला जायचंय.’’

तेव्हापासून ताईंचं दुकान पुन्हा सुरू आहे आणि साडूंचा जीव थाऱ्यावर नाही. आपल्या हातची चूक रोज डोळ्यांसमोर, आणि ती दुरुस्त करायला मनाई. फक्त एक कडी बसवायची परवानगी मिळाली. हात आपोआप पान्याकडे जातो आणि ताईंनी बघितलं की परत येतो. पण दार उघडायची वेळ झाली की ते कुठूनही येतात, कडी काढतात आणि ट्रेच्या समोर तळवा पसरून उभे राहतात, ट्रे ताईंना लागू नये म्हणून. तो हळूहळू त्यांच्या हातावर टेकतो. मग त्या सावकाश एकेक डबा उचलेपर्यंत हा माणूस जागचा हलत नाही. अलीकडे मधेच ते दुसऱ्या हाताचाही आधार देतात, हे मी पाहिलंय.

परवा येवल्याला मी पुढे होऊन म्हटलं, ‘‘द्या, मी धरतो.’’

‘‘नको,’’ ते म्हणाले. ‘‘तुम्ही बसा.’’

इतक्या वर्षांत त्यांनी मला प्रथमच बसायला सांगितलं. मी खुर्चीवर जाऊन बसलो खरा, पण का कोण जाणे, मला स्वस्थ बसवेना.