शिळं पाणी

देवपूरच्या आमच्या घरात माय रोज सकाळी माठातलं रात्रीचं पाणी म्हशीला घालायची आणि माठ धुऊन नव्यानं भरायची. उन्हाळ्यात पांझरा नदीच्या कोरड्या पात्रात खड्डा करून वाटीवाटीनं पाणी भरावं लागे, तेव्हाही यात खंड नव्हता. "शिळं पानी पेवू नही," एवढंच तिचं म्हणणं. लग्नाच्या वयाचा होईपर्यंत हे काम माझ्याकडेही आलं होतं.

पुढे, सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, मी मालवाहू जहाजावर खलाशी झालो. एका वादळात जहाज बुडालं. बाकीचे होडीत चढले, मी रबरी तराफ्यावर एकटाच राहिलो. लाटांनी आमची ताटातूट केली. ते वाचले, हे मला फार नंतर कळलं.

तराफ्यावरचं डब्यातलं पाणी संपलं. जीभ टाळूला चिकटली. मग एका संध्याकाळी पाऊस आला. तराफ्याच्या कापडी छतावरून ओघळणारं पाणी मी डबाभर धरलं, पोटभर प्यायलो आणि शांत झोपलो.

पहाटे अर्धवट झोपेतच उठलो, डबा उचलला आणि उरलेलं पाणी समुद्रात ओतून दिलं. वर खाऱ्या पाण्यानं डबा विसळलाही. मग डोळे उघडले.

मी मायला शिवी दिली. मोठ्यानं, घसा फाटेपर्यंत. आकाशात ढगाचा तुकडा नव्हता. पुन्हा पाऊस आला नाही तर मी मरणार, हे स्पष्ट होतं. छताच्या शिवणीत अडकलेली ओल चाटत राहिलो आणि दिवसरात्र मायशी भांडत राहिलो. भांडण चालू होतं म्हणून डोळा लागला नाही, म्हणूनच दुसऱ्या दिवशी दूरचं शीड दिसलं. मी अंगातला सदरा काढून हलवला. मच्छीमारांनी मला वर ओढलं.

घरी आलो तेव्हा मायनं विचारलं, "तठे पानी काय पिना रे भाऊ?"

मी डब्याची गोष्ट सांगितली. ती पदर तोंडाशी धरून हसत सुटली. "येडा! समुद्रमा कोनी पानी फेकस का?"

"माय, मी तुला शिवी दिली."

"कोनती?"

तिनंच दोन-तीन म्हणून पाहिल्या. तिसरीला मी मान हलवली.

"हाई ते तू मनापाइनच शिकना," ती स्वतःच्या छातीवर बोट ठेवून म्हणाली आणि माझ्या फुटलेल्या ओठांना लोणी लावू लागली. मी डोळे मिटून घेतले. तिच्याकडे बघायचं धाडस होत नव्हतं.